बडोद्याच्या रावपुऱ्यातलं काकांचं स्पोर्ट्सचं दुकान, चार स्टार

लेकाची बॅट खालून चिरली म्हणून आधी एका चकाचक शोरूममध्ये गेले, तिथल्या पोरानं हातात पण न घेता सांगितलं नवीन घ्या, साडेआठ हजार. मग शेजारच्या आजोबांनी इथे पाठवलं. काकांचं वय 88, स्टुलावर बसून बॅट कानाशी धरली, बोटानं टकटक केलं आणि लेकाला म्हणाले, ‘लाकूड चांगलंय रे, ओल्या पिचवर टेकवून उभा राहतोस ना?’ पोरगा गप्प. चिरेत गोंद भरून आवळून ठेवली, दोरा गुंडाळला, टो गार्ड म्हणजे खालच्या टोकाला संरक्षक पट्टी लावली, 350 रुपये. वर तंबी, जवसाचं तेल थोडंच लाव, हँडलच्या सांध्याला अजिबात नको.

काका बीकॉम इथलेच, युनिव्हर्सिटीकडून खेळलेले, नंतर वडिलांच्या कापडाच्या दुकानाचा अर्धा भाग मागून हे सुरू केलं. युनिव्हर्सिटीचा विषय काढलात तर अर्धा तास गेलाच समजा. नुसतं एमएसयू म्हटलेलं चालत नाही, महाराजा सयाजीराव असं पूर्ण म्हणायचं, आणि युनिव्हर्सिटी 1949 ची असली तरी बडोदा कॉलेज 1881 चं हे पण ऐकून घ्यायचं. भिंतीवर गणपती एक आणि आर्ट्सच्या घुमटाचे फोटो चार 😄 तिथलं आयकार्ड दाखवलं की 10 टक्के कमी, जुनं पण चालतं, माझ्यासमोर एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ लॅमिनेट केलेलं घेऊन आले होते!

1947 ची रणजी फायनल काकांनी दहाव्या वर्षी बघितलीये, बडोद्यातच झालेली, बडोद्याकडून गुल महंमद 319, हजारे 288, दोघांची भागीदारी 577, समोर इंदूरची होळकर टीम. मी आपली बोलून गेले की माझं माहेर इंदूरचं. काकांनी चष्म्यावरून बघितलं, ‘एक डाव आणि 409 रननी हरलात.’ नवीन ग्रिपचे पैसे मात्र घेतले नाहीत.

आता तक्रारी. पार्किंगच्या नावानं बोंब, गुरुवार सांगितला की शनिवार धरायचा, 1 ते 4 काका झोपतात म्हणजे शटर बंद. रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारा ओढून बसवणं, नातू करतो, मी 24 पाउंड ताण सांगितला होता, हातात आल्यावर सैल लागलं. काकांना सांगितलं तर त्यांनी सगळ्यांसमोर त्याला झापलं, मलाच कसंतरी झालं. परत करून दिलं, फुकट.