रद्द झालेलं काम: एक्सेप्शन फेकायचं की नुसतं परतायचं?

पणजी–मडगाव बसचं सीट बुकिंग चालू आहे आणि प्रवाशाने मध्येच ‘रद्द’ दाबलं. सी शार्पच्या असिंक मेथडमध्ये (वाट न अडवता चालणाऱ्या कामात) कॅन्सलेशन टोकनचं, म्हणजे रद्दचा इशारा पोचवणाऱ्या ऑब्जेक्टचं, ‘इज कॅन्सलेशन रिक्वेस्टेड’ तपासून नुसतं रिटर्न केलं, तर टास्क (त्या कामाची स्थिती सांगणारा ऑब्जेक्ट) ‘रॅन टू कम्प्लिशन’, म्हणजे ‘काम पूर्ण’, दाखवतो. मेथडला बोलावणारा कोड सीट पक्की समजून तिकीट पाठवतो! टोकनचं ‘थ्रो इफ कॅन्सलेशन रिक्वेस्टेड’ वापरलं तर ते ‘ऑपरेशन कॅन्सल्ड एक्सेप्शन’ फेकतं आणि टास्क ‘कॅन्सल्ड’ होतो. बुकिंगला हेच हवं.

मात्र ‘ऑपरेशन कॅन्सल्ड एक्सेप्शन’साठी वेगळा कॅच (एक्सेप्शन पकडणारा भाग) ठेवा, नाहीतर एरर लॉग उगाच भरतो. एचटीटीपी क्लायंटचा (वेब विनंत्या पाठवणाऱ्या क्लासचा) टाइमआउटही ‘टास्क कॅन्सल्ड एक्सेप्शन’ फेकतो आणि तेही याच कॅचमध्ये पकडलं जातं, म्हणून कॅचला ‘व्हेन’ची अट लावून आपलंच टोकन रद्द झालंय का ते तपासा.

अर्धवट निकाल चालणाऱ्या बॅकग्राउंड लूपला रिटर्न पुरतं.