व्हीपीएन ठीकठाक, पण घ्यावं का लागलं ते आधी वाचा (३ स्टार)

डॅलसला राहतो, सहा महिने झाले हे व्हीपीएन, म्हणजे आपण दुसऱ्याच गावातून इंटरनेटवर आलोय असं साइटला दाखवणारं ॲप, वापरतोय. नाव सांगत नाही कारण खाली थोड्या शिव्या पण आहेत. कशाला घेतलं ते लपवत नाही, चाळिशीचा माणूस आहे. टेक्ससमधे २०२३चा एचबी ११८१ कायदा आहे, साइटवरचा एक तृतीयांशापेक्षा जास्त माल मुलांना घातक असा लैंगिक असला तर येणाऱ्या प्रत्येकाचं वय तपासायचं, नाहीतर दिवसाला १०,००० डॉलरपर्यंत दंड. मला स्क्रीनवर आलं, लायसन्सचा फोटो टाका पुढून-मागून, मग सेल्फी. लायसन्सवर घरचा पत्ता, जन्मतारीख सगळं, आणि तपासणारी कंपनी कोण तर नाव पण कधी ऐकलेलं नाही. माहिती साठवायची नाही असं कायद्यात आहे हो, पण साठवली की नाही हे मी कुठे जाऊन बघू? अपलोडवर नेलेला अंगठा मागे घेतला आणि व्हीपीएन घेतलं.

जून २०२५ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ने कायदा उचलून धरला. मोठ्या माणसाच्या वाचण्या-बघण्याच्या हक्काला धक्का लागतोय तर कडक कसोटी लावा असं न्यायमूर्ती केगन बाईंनी विरोधात लिहिलं, पण बहुमताने मधली, सोपी कसोटी लावली. मुलांना लांब ठेवा, माझं काही म्हणणं नाही, पण घातक काय हे ठरवणार कोण? आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं दिली तर अश्लील म्हणून खटला झाला, १९३४ला बाबासाहेब त्यांचे वकील होते.

असो, व्हीपीएन. लॉस एंजेलिसचा सर्व्हर चार सेकंदांत लागतो, स्पीड थोडा पडतो, व्हिडिओ अडकत नाही. बोंब बँकेच्या ॲपची. व्हीपीएन बंद करायचं विसरलो आणि लॉग इन केलं, अकाउंट जॉइंट, अलर्ट बायकोला. ऑफिसमधून फोन, "काय रे, लॉस एंजेलिसला कधी गेलास?" कस्टमर केअरवाले तीन दिवस तेच तेच कॉपी-पेस्ट उत्तर पाठवत होते. शेवटी नववीतल्या पोराने दोन मिनिटांत सेटिंग करून दिलं, बँकेचं ॲप व्हीपीएनच्या बाहेर. त्याला हे कुठून माहीत ते मी विचारलं नाही.

वर्षाचा प्लॅन एकदम घेऊ नका, आधी महिन्याचा घेऊन बघा.