पानाच्या आतली बुरशी: कल्चर करावं की डीएनए वाचावा?

आंबा, कोको, पेरू यांच्या अगदी निरोगी पानातही बुरशी राहत असते. बाहेरून ना डाग, ना कूज. कोकोचं कोवळं पान उमलतं तेव्हा जवळजवळ बुरशीविना असतं. मग हवेतले, पावसाच्या थेंबांतले बीजाणू त्यात शिरतात. या एंडोफाइट बुरशींवर प्रकल्प करायचा ठरला, की आधी पद्धत निवडावी लागते.

कल्चर करायचं, म्हणजे पानातली बुरशी प्लेटवर जिवंत वाढवायची, तर पान धुऊन, पृष्ठभागावरची बुरशी मारायला अल्कोहोल आणि सोडियम हायपोक्लोराइटमधून (ब्लीच) काढून त्याचे जेमतेम दोन मिलिमीटरचे तुकडे प्लेटमधल्या माल्ट अगर या पोषक जेलीवर ठेवतात. खर्च कमी आणि हातही तयार होतो. पण कोलेटोट्रायकमसारखी झपाट्याने वाढणारी बुरशी प्लेट व्यापते, सावकाश वाढणारी मागे पडते आणि काही तर प्लेटवर येतच नाहीत. तरीही या पद्धतीला कमी लेखू नका. पनामाच्या जंगलातल्या दोन जातींच्या झाडांच्या ८३ पानांतून अंदाजे ३४७ प्रकारच्या बुरशी मिळाल्याचं २००० साली प्रसिद्ध झालं, ते कल्चरच्याच बळावर.

डीएनएच्या पद्धतीत पानातल्या सगळ्या बुरशींच्या डीएनएचा आयटीएस नावाचा भाग एकदम वाचला जातो. २०१२ मध्ये तो बुरशींचा बारकोड, म्हणजे जाती ओळखायची खूण, म्हणून सुचवला गेला. प्लेटवर न येणाऱ्या बुरशीही यात सापडतात. मात्र मेलेल्या बुरशीचा डीएनएही मोजला जातो. नुसत्या अल्कोहोलने पृष्ठभागावरचे बीजाणू मेले तरी त्यांचा डीएनए शिल्लक राहतो, म्हणून इथे हायपोक्लोराइट टाळू नये. शिवाय कोलेटोट्रायकमच्या जवळच्या जाती आयटीएसवरून वेगळ्या ओळखता येत नाहीत, आणि फळझाडांत नेमकी हीच बुरशी पुन्हा पुन्हा भेटते.

माझा कौल कल्चरला आहे, कारण नावांच्या यादीवरून बुरशी झाडाचं काय करते ते कळत नाही. लासिओडिप्लोडिया ही बुरशी आंब्याच्या फांदीत गुपचूप राहते आणि फळ काढल्यावर देठकूज घडवते. उलट कोकोच्या पानांत एंडोफाइट मुद्दाम सोडल्यावर फायटोफ्थोरा या रोगकारक जीवाने होणारी हानी घटल्याचं २००३ मध्ये दिसलं. जिवंत कल्चर हाताशी नसतं, तर हा प्रयोग करताच आला नसता.

प्रश्न फक्त विविधतेचा असेल, दोन बागा किंवा दोन हंगाम ताडून पाहायचे असतील, तर मात्र खुशाल डीएनए निवडा. नमुने पुष्कळ असले की प्लेटा सांभाळता सांभाळता माणूस थकतो.

अजूनही मन ठरत नसेल, तर एकाच पानाचे तुकडे दोन्हींसाठी वाटून घ्या. डीएनएचा वाटा सिलिका जेलमध्ये वाळवून ठेवता येतो, पण वाळलेल्या पानातून नंतर जिवंत बुरशी मिळण्याची आशा फारशी नसते. म्हणून कल्चरचे तुकडे पान तोडलं त्याच दिवशी प्लेटवर गेलेले बरे.