उजनीखालची बुडीत गावं शोधायला यू-५०२ नकाशे: कितपत कामाचे?

अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकापासून छापलेली भारताची यू-५०२ मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. १:२,५०,००० हे प्रमाण (१ सेंटीमीटर म्हणजे अडीच किलोमीटर) पाहून बरेच भटके नाक मुरडतात. वीरगळ किंवा पाण्याचं टाकं शोधायचं असेल तर त्यांचं बरोबरच आहे. बुडीत गावांसाठी मात्र ही मालिका सोन्यासारखी आहे. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. आजच्या १:५०,००० टोपोशीटवर (तपशीलवार भूरूप नकाशावर) तिथे नुसता निळा फुगवटा दिसतो, यू-५०२ वर भीमेचं मूळ पात्र आणि काठची गावं.

स्कॅन क्यूजीआयएस या फुकट नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये जिओरेफरन्स करून, म्हणजे खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवून घ्या. शीटचे चार कोपरे आणि आतले अक्षांश-रेखांशाचे छेद मिळून निदान आठ बिंदू द्या. फक्त कोपरे दिले की घडी पडलेल्या कागदाचा मधला भाग सरकतो. डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याचा पाया, कल्याणपूर १९७५ (सॉफ्टवेअरमधला त्याचा क्रमांक ईपीएसजी ४१४६) निवडा. थेट डब्ल्यूजीएस-८४ (जीपीएसचं डेटम) धरलं तर आपल्याकडे शंभर मीटरच्या आसपास फरक पडतो. तसंही नकाशावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५० मीटर, त्यामुळे गावाचा ठिपका हा पत्ता समजू नका. भोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढा आणि त्यात पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं टेकाड शोधा.

नकाशा नीट बसला का याचा ताळा घ्यायला उजनीच्या पाण्यात गेलेलं पळसदेव उत्तम. तिथलं जुनं देऊळ पाणी उतरलं की उघडं पडतं, म्हणून एप्रिल-मेचं उपग्रहचित्र खाली ठेवून जुळवा. रेल्वेच्या रुळांवर मात्र भिगवणजवळ विसंबू नका. धरणामुळे तिथला लोहमार्ग हलवला गेला, जुना मार्ग डिकसळच्या पुलावरून जायचा. रूळ जुळत नाहीत म्हणून अचूक बसलेला नकाशा पुन्हा ओढाताण करून बिघडवला जातो, ही नेहमीची चूक.

छपाईचं साल म्हणजे सर्वेक्षणाचं साल नव्हे. मूळ पाहणी कधीची, हे समासातल्या टिपेत वाचा. ती कित्येकदा बरीच जुनी असते. उंची फुटांत आहे. नावं इंग्रजी वळणाची, म्हणून शोधताना उच्चार मोठ्याने करून पाहा आणि गावातल्या जुन्या माणसांना ‘जुनं गावठाण कुठं होतं?’ असंच विचारा.

प्रत्यक्ष जाताना पाणी नुकतंच ओसरलेल्या भागात उतरू नका. वरून भेगाळलेला गाळ खाली ओलाच असतो आणि माणूस गुडघाभर रुततो.