लॅबसाठी स्वतः जोडलेला पीसी, नऊ महिने वापरल्यावर

मे २०२३ मध्ये सांताक्रूझच्या एका रिसर्च लॅबमध्ये समर इंटर्नशिपला होते. पहिल्याच आठवड्यात सर म्हणाले, तुझ्या कामाला मशीनच नाहीये, बजेट ८५ हजार, पार्ट तूच ठरव आणि तूच जोड. इंटर्नशिप जुलैत संपली पण प्रोजेक्ट चालू आहे, त्यामुळे आजही मी डोंबिवलीहून घरूनच एसएसएच (नेटवरून दुसऱ्या मशीनवर लॉगिन) करून त्याच मशीनवर काम करते, आणि नऊ महिने झाल्यावर आता लिहावंसं वाटलं, कारण मी घेताना जे शोधत होते ते आणल्या दिवशी लिहिलेल्या रिव्ह्यूमध्ये कुठेच मिळालं नव्हतं.

काम म्हणजे मायक्रोस्कोपच्या फोटोत प्रत्येक पेशीची कड वेगळी काढायची. त्यासाठी यू-नेट नावाचं न्यूरल नेटवर्क मॉडेल वापरतो, २०१५ मध्ये जर्मनीच्या फ्रायबर्ग विद्यापीठातून आलेलं, मुळात अशाच मेडिकल फोटोंसाठी बनवलेलं. मशीन असं आहे: रायझन ७ ५७००एक्स, बी५५० बोर्ड, ३२ जीबी डीडीआर४, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, ६५० वॉटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, १२ जीबी मेमरीवालं.

कार्डावरच सगळ्यात जास्त वाद झाला. लॅमिंग्टन रोडला जिथे विचारलं तिथे ३०६० टीआय घ्या, जास्त फास्ट आहे असंच सांगत होते, आणि गेमिंगसाठी ते बरोबरच आहे, पण टीआयला मेमरी ८ जीबी. ट्रेनिंग करताना, म्हणजे मॉडेलला उदाहरणं दाखवून शिकवताना, कार्डात फक्त मॉडेल ठेवून भागत नाही, प्रत्येक वेटचा (मॉडेल शिकतं तो आकडा) ग्रेडियंट, म्हणजे तो कुठे आणि किती बदलायचा ते, अ‍ॅडम (वेट बदलण्याची एक नेहमीची पद्धत) वापरला तर वेटमागे आणखी दोन आकडे, आणि प्रत्येक लेअरचं आउटपुट बॅकवर्ड पास (चूक उलट्या दिशेने मोजत जाणं) होईपर्यंत धरून ठेवावं लागतं, यू-नेटमध्ये फोटो मोठा असला की हे आउटपुटच सगळ्यात जास्त जागा खातात. कार्ड हळू असेल तर रन (एक पूर्ण ट्रेनिंग) उशिरा संपतो, मेमरी कमी पडली तर रन सुरूच होत नाही. लॅबमधल्या पीएचडी करणाऱ्या ताईच्या मशीनला ८ जीबीचं कार्ड आहे, तिला फोटोचे ५१२ पिक्सेलचे तुकडे घेऊन बॅच (एका वेळी किती तुकडे) ४ च्या वर जाता येत नव्हतं, माझ्याकडे मिक्स्ड प्रिसिजन (बरंचसं गणित कमी जागेच्या आकड्यांत) लावून तेच मॉडेल बॅच ८ ला आरामात चालतं. अजून एक, ५७००एक्सला स्वतःचं ग्राफिक्स नाही, म्हणजे मॉनिटर लावला की डेस्कटॉपही त्याच १२ जीबीतले काहीशे एमबी खातो, म्हणून मी मॉनिटर काढूनच टाकला.

खरेदीत एकच सांगते, लॅबसाठी घेताय तर जीएसटी बिल आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर हवाच. एका दुकानात बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणाले, ताईने सरळ नको सांगितलं, आणि नोव्हेंबरमध्ये रॅमची एक स्टिक गेली तेव्हा त्या बिलावरच बदलून मिळाली. ग्रँट रोडहून दुपारच्या स्लो लोकलने आणलं सगळं, कॅबिनेटचा खोका दोघींच्या मध्ये धरून.

जोडायला एक दिवस लागला. या प्रोसेसरच्या बॉक्समध्ये कूलर येत नाही, तो वेगळा घ्या. दोन स्टिक असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. आणि बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करा, मी केलं नव्हतं, ३२०० ची रॅम तीन आठवडे २४०० ला चालत होती.

आता जे वापरल्यावरच कळतं ते. लॅबच्या बिल्डिंगचा एसी संध्याकाळी सहाला बंद होतो आणि रन तर रात्रभर चालतात, मेमध्ये त्या बंद खोलीत कार्ड ८१-८२ डिग्रीला जायचं आणि पंख्याचा आवाज कॉरिडॉरपर्यंत. ताईने एनव्हिडिया-एसएमआय या कार्डाच्या कमांडने पॉवर लिमिट १७० वरून १३० वॉट करायला सांगितली. एक इपॉक (सगळ्या फोटोंवरून एक फेरी) ११ मिनिटांवरून १२ च्या आसपास गेला, तापमान ७२ वर आलं. मुंबईत रात्रभर चालवणाऱ्या प्रत्येकाने हे करावं असं मला मनापासून वाटतं. फक्त रीस्टार्टनंतर लिमिट परत मूळ जागी जाते, तेव्हा बूटला आपोआप लागेल असं करून ठेवा.

सगळ्यात मोठं नुकसान यूपीएसने केलं. लॅबमधला जुना ६०० व्हीए पडलेला होता तोच लावला, जूनमध्ये पहिल्या जोरदार पावसात दोन सेकंद लाईट गेली आणि मशीन बंद, १९ तासांचा रन गेला. मी खूप रडवेली झाले होते त्या दिवशी. आधी वाटलं लोड जास्त होतोय, पण मशीन रिकामं असताना प्लग काढून बघितला तरी तेच. हल्लीच्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज नीट खेचणारं सर्किट) असतं आणि स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर खरी साइन वेव्ह न देता पायऱ्यापायऱ्यांची देतो, काही एसएमपीएसना ते चालत नाही. सरांनी १ केव्हीएचा प्युअर साइन वेव्ह आणला, त्यानंतर लाईट चार-पाच वेळा गेली, मशीन एकदाही पडलं नाही. बजेट करतानाच याचे पैसे धरा, कॅबिनेटच्या लायटिंगवर घालवू नका. आणि दर इपॉकला चेकपॉईंट (तोवर शिकलेलं मॉडेल) सेव्ह करा, यूपीएस असला तरी.

पावसाळ्याची मला जेवढी धास्ती होती तेवढं काही झालं नाही, चालू मशीन आतून गरम असतं त्यामुळे दमट धरत नाही. धूळ मात्र भयंकर, बाजूला मेट्रोचं काम चालू आहे, पुढची जाळी दर पंधरा दिवसांनी धुते. उबंटूचा कर्नल दोनदा आपोआप अपडेट होऊन कार्डाचा ड्रायव्हर गेला, आता ते अपडेट थांबवून ठेवलेत.

३२ जीबी रॅम आता कमी पडते, आठ वर्कर (फोटो वाचून मॉडेलला पुरवणारे प्रोसेस) लावले की स्वॅप, म्हणजे रॅमऐवजी डिस्क वापरणं, सुरू होतं. दोन स्लॉट मोकळे आहेत, मार्चमध्ये आणखी दोन स्टिक टाकणार आहे. चारही भरल्यावर ३२०० ला टिकतंय का ते रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून बघेन, तोपर्यंत वर्कर चारवर ठेवलेत.