लहान मुलाला गोष्टीचं पुस्तक सरळ वाचून दाखवायचं की मध्ये थांबून गप्पा मारत?

सरळ वाचायचा फायदा आहेच, गोष्टीची लय तुटत नाही, "घनदाट", "कासावीस" असले घरच्या बोलण्यात फारसे न येणारे शब्द कानावर पडतात आणि झोपवताना तर हेच बरं पडतं. पण दोन-अडीच वर्षांच्या पोराला बोलतं करायचं असेल तर माझं मत गप्पांना. "हे काय?" "माकड." "हो, मोठ्ठं माकड, फांदीला लटकलंय, आता काय करेल?" असं त्याचंच उत्तर थोडं वाढवून परत द्यायचं, बस. व्हाइटहर्स्ट हे मानसशास्त्रज्ञ आणि मंडळींनी १९८८ मध्ये अमेरिकेत पालकांचे दोन गट करून हेच तपासलं, वाचत दोन्ही गटांतले पालक होते पण प्रश्न विचारणाऱ्यांची मुलं महिन्याभरात बोलण्यात पुढे गेली. अक्षरओळख मात्र दोन्हीत आपोआप होत नाही हां, ओळीखालून बोट फिरवत "हा क" असं दाखवावंच लागतं.