टर्बो बसवूनही बूस्ट नाही? रीमॅपचे पैसे देण्याआधी हे वाचा

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंप, आणि त्या हवेचा दाब म्हणजे बूस्ट. आफ्टरमार्केट, म्हणजे बाहेरून घेतलेला टर्बो बसवूनही गाडीला पिकअप नसेल, तर काही गॅरेजवाले तपासणी सोडून थेट पुढचा खर्च सांगतात. नागपुरात माझ्याकडून असेच पैसे काढले.

वाडीतल्या एका गॅरेजवाल्याने माझ्या डिझेल गाडीत 'नवीन' टर्बो बसवला. एक बार बूस्ट मिळेल म्हणाला होता. अमरावती रोडवर कितीही दाबली तरी गेजचा काटा 0.4 च्या वर जाईना. "भाऊ, नवीन टर्बो हाय, सेट व्हायले टाइम लागते." साफ खोटं! चांगला टर्बो पहिल्या दिवसापासून बूस्ट देतो. मग रीमॅपचे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलण्याचे, वेगळे 18 हजार घेतले. डिझेल वाढलं, हवा तेवढीच. गाडी काळा धूर ओकायला लागली.

खरं काय ते सक्करदऱ्यातल्या एका मिस्त्रींनी दाखवलं. टर्बोकडून आलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपात कमी दाबाने हवा भरून सांध्यांवर साबणाचं पाणी सोडलं, तर एका क्लॅम्पखालून फेस यायला लागला. होज चिरलेला होता. तो बदलल्यावर काटा थोडा चढला, पण पुरता नाही. जादा एक्झॉस्ट बाजूने सोडणारी वेस्टगेटची झडप नीट बसतच नव्हती, म्हणजे एक्झॉस्ट टर्बाइन न फिरवताच बाहेर जात होता. शेवटी टर्बो उतरवला. कॉम्प्रेसर व्हीलच्या पात्यांच्या कडा झिजलेल्या, टर्बोच्या प्लेटवरचा सीरियल नंबर घासून काढलेला, हाउसिंगला ताजा चंदेरी रंग आणि बोल्टच्या खाचांत जुनी काजळी. म्हणजे जुनाच टर्बो रंगवून नवा म्हणून बसवला होता. संताप आला. माझा मूळ टर्बोही त्याने भंगार म्हणून ठेवून घेतला होता. जुना माल दुरुस्त करून विकणारे, म्हणजे रिकंडिशन करणारे, अशा जुन्या टर्बोला चांगला भाव देतात.

म्हणून जुना टर्बो घरी आणाच. नवा बसवण्याआधी प्लेटचा फोटो काढा, बिलावर सीरियल नंबर आणि 'नवीन' असं लिहून घ्या. लीक आणि वेस्टगेट समोर तपासल्याशिवाय रीमॅपला हो म्हणू नका.

मला बिल मागूनही मिळालं नाही. यूपीआयच्या नोंदी, फोटो आणि मिस्त्रींचं लेखी मत जोडून मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत 2 वर्षांची. आधी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन करून माहिती घेता येते. रिकंडिशन माल नवा म्हणून विकणं आणि बिल नाकारणं, दोन्ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नमूद आहेत.